आजोबांची ३१५ ठेवता येईल का, आणि मग ३०३ का नाही?

प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. सदाशिव पेठेतला वाडा पुनर्विकासाला देताना माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची १२ बोरची दुनळी (दोन नळ्यांची छर्ऱ्याची बंदूक; बोर म्हणजे नळीचं माप), एक ३१५ बोरची रायफल आणि बिस्किटांच्या डब्यात काही जुनी काडतुसं निघाली. दिवाणखान्याच्या भिंतीवर एक ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) पूर्वीपासून टांगलेली आहे, खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागतं. परवाना आजोबांच्या नावावर, आणि ते जाऊन वर्ष होत आलं. वडील म्हणतात, ब्याद नको, देऊन टाक. तुम्हाला रायफल ठेवून बालेवाडीला नेमबाजी शिकायची आहे. शिवाय मित्राने डोक्यात भुंगा सोडलाय: ३०३ बोरच्या रायफलीला बंदी आणि ३१५ ला परवानगी हे कसं, आणि अमेरिकेत कोणीही रायफल ठेवतो तर आपल्याला तो हक्क का नाही?

तुम्ही याकडे कागद नावावर करून घेण्याची बाब म्हणून पाहताय. खरी अडचण वेगळी आहे. बंदूक वारसाने मिळते, परवाना मिळत नाही. आजोबांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला आणि त्या दिवसापासून ट्रंकेतली शस्त्रं कायद्याने कोणाच्याच ताब्यात असायला नको होती. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ यासाठीच आहे: ताबा बेकायदा झाला की शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. जमा केल्याने मालकी जात नाही. वारसाला स्वतःचा परवाना मिळाला की शस्त्र परत घेता येतं, किंवा परवाना असलेल्या माणसाला विकता येतं. मात्र ठरलेल्या मुदतीत दोन्हींपैकी काहीच केलं नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षं आहे. हे घाबरवायला नाही, क्रम कळावा म्हणून सांगतोय. आधी जमा, मग अर्ज, त्यानंतर हौस.

जमा करायला बंदुका गाडीच्या डिकीत टाकून निघू नका. वाटेत नाकाबंदीला थांबवलं तर हातात दाखवायला कागद नसतो. आधी हद्दीच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या: मृत्यूचा दाखला, जुन्या परवान्याची प्रत, शस्त्रांचं वर्णन, ती कुठे आणि कधी सापडली, आणि उशीर का झाला ते सरळ दोन ओळींत. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. मग ते सांगतील तसं, त्यांच्या माणसासमोर किंवा विक्रेत्यामार्फत हलवा. वर्षाच्या उशिराकडे कसं बघितलं जाईल हे अधिकाऱ्यावर आणि तुमच्या कागदांवर अवलंबून आहे. स्वतःहून आलेला माणूस आणि झडतीत सापडलेला माणूस यांत फरक केला जातो, तरीही पहिल्या दिवशी एक वकील सोबत असू द्या.

पावती घेताना बहुतेकांची चूक होते. ‘एक जुनी रायफल’ एवढं लिहिलेली पावती घेऊ नका. ३१५ चे बहुतेक नग इशापूरच्या रायफल फॅक्टरीचे, ली-एनफिल्डच्या (इंग्रजी फौजेच्या ३०३ रायफलीच्या) धाटणीचे. नंबर चेंबरजवळच्या (काडतूस बसतं त्या खोबणीजवळच्या) लोखंडावर असतो आणि तोच बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मुठीमागे असायला हवा. दोन्ही जुळले नाहीत तर बोल्ट कधीतरी बदललेला आहे. अशा रायफलीत काडतुसाचा पेंदा आणि बोल्टचं तोंड यांतली फट मोजून घेतल्याशिवाय एकही गोळी झाडायची नसते. फट जास्त असेल तर पितळी कवच बार होताना ताणून मधूनच फाटतं आणि गरम वायू डोळ्याकडे येतो. दुनळीचा नंबर तीन ठिकाणी बघा: नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर, त्या जिथे बसतात त्या लोखंडावर आणि पुढच्या लाकडाच्या पट्टीवर. हे सगळे आकडे परवान्यावरच्या आकड्याशी जुळवा आणि पावतीवर तसेच उतरवून घ्या. वारसाच्या अर्जात एका आकड्याचा फरक महिनोन् महिने खातो.

दुनळी विकायची असो वा ठेवायची, आणखी दोन गोष्टी पाहून ठेवा. १२ बोर म्हणजे एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी होईल तेवढा नळीचा व्यास, साधारण १८.५ मिमी. व्यास सगळीकडे तोच असला तरी चेंबरची लांबी तशी नसते. जुन्या इंग्लिश बंदुकींचं चेंबर बहुधा ६५ मिमीचं, आणि आज दुकानात मिळणारं काडतूस ७० मिमीचं. झाडण्याआधी ते आत छान बसतं, इथेच माणूस फसतो. फुटल्यावर त्याचं तोंड उलगडून पुढच्या निमुळत्या भागात शिरतं, छर्ऱ्याला वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. दुसरी गोष्ट नळीचा पोत. लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी दिसली तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेली दमास्कस नळी असू शकते. ती काळ्या दारूच्या काळातली. तिच्यात आजचं काडतूस घालू नका, मग कोणी कितीही सांगो की ‘आजोबा तर वाजवायचे’.

आता मित्राच्या भुंग्याकडे येतो, कारण पुढचं सगळं त्यावरून उलगडतं. ताकदीच्या हिशेबाने ३०३ आणि ३१५ यांत बंदी घालण्याइतका फरक नाही. ३०३ ची लष्करी गोळी १७४ ग्रेनची, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमची. ३१५ ची साधारण २४४ ग्रेनची, जवळजवळ १६ ग्रॅम. जड गोळी ३१५ चीच, फक्त ती सावकाश जाते. डुक्कर असो वा माणूस, समोरच्याला हा फरक कळायचा नाही. मग कायद्याला कसला फरक दिसतो? शस्त्र नियम २०१६ ची पहिली अनुसूची उघडा. प्रतिबंधित गटात ३०३ आणि ७.६२ बोरच्या रायफली आहेतच, आणि पुढे शब्द आहेत: ज्या कोणत्याही बोरमध्ये ही लष्करी काडतुसं बसून झाडता येतील अशा रायफली. पुढच्याच ओळीत ४१० ची मस्केट. शिकारीची ४१० बंदूक साध्या परवान्यावर मिळते, पण ४१० मस्केट प्रतिबंधित, कारण ती पहारेकऱ्यांसाठी ३०३ रायफलीतूनच केलेली एकबारी बंदूक आणि तिचं काडतूसही ३०३ च्याच कवचावर बेतलेलं. पिस्तुलांत ९ मिमी आणि ३८० ही काडतुसं सरकारी, म्हणून नागरिकाच्या वाट्याला ३२. कायद्याची नजर बंदुकीच्या ताकदीवर नाही. सरकारी कोठारातलं काडतूस तुमच्या बंदुकीत बसतं का, एवढंच तो बघतो.

ही नजर इंग्रजांची आणि तिच्यामागे बंदुकीच्या तंत्राचा इतिहास आहे. तोड्याची बंदूक असेपर्यंत कोणत्याही राज्यकर्त्याला प्रजेच्या हातातून बंदूक पुरती काढून घेणं शक्य नव्हतं. नळी लोहार घडवत असे, शिसं बाजारात मिळत असे, दारूही ठिकठिकाणी बनत असे. तिचा बार पेटवणारी जामगी म्हणजे सोऱ्यात भिजवलेली दोरी. पेशवाईतल्या गारद्यांच्या चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकांनाही कारखान्याचं काडतूस लागत नव्हतं. पुढे टोपीची (घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीची) बंदूक आली, मग नळीत पिळाचे आटे असलेली एनफिल्ड, जिच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसावरून १८५७ ची ठिणगी पडली. बंड मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी पलटणींसाठी आटे नसलेल्या, सरळ नळीच्या मस्केटी काढल्या. दिसायला एनफिल्डच, पण नेम लांबवर टिकू नये म्हणून मुद्दाम बोथट केलेली. गोऱ्या शिपायाकडे नवी मार्टिनी-हेन्री रायफल आली तेव्हा हिंदी शिपायाकडे अजून जुनी स्नायडर होती.

खरा फरक पडला तो पितळी काडतुसाने. कवच, दारू, गोळी आणि टोपी एकाच तुकड्यात आली आणि ते गावच्या लोहाराच्या आवाक्यातलं राहिलं नाही. ओढून काढलेलं पितळ आणि टोपीतला स्फोटक मसाला हे कारखान्याचं काम. पुण्यात खडकीचा काडतुसांचा कारखाना १८६९ पासून आहे, म्हणजे लढाई जिथे १८१७ मध्ये झाली तिथेच अर्धशतकाने फौजेची काडतुसं बनू लागली. १८७८ चा शस्त्र कायदा या पार्श्वभूमीवर आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. पण परवान्यापेक्षा काडतुसाची भीती जास्त टोकाची होती, याचा पुरावा १९०७ च्या सुमाराचा आहे. त्या वेळी हिंदुस्थान आणि सुदानमध्ये ४५० बोरच्या शिकारी रायफलींवर बंदी आली. कारण? चोरीला गेलेल्या मार्टिनी-हेन्रींना तिची गोळी चालेल अशी भीती. लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच ४६५ आणि ४७० बोर काढले. वाघ मारायला तेवढेच तगडे, फक्त फौजेच्या बंदुकीत न बसणारे. महाराजांच्या शिकारखान्यात हे विचित्र आकडे दिसतात ते त्यामुळे.

३१५ ची गंमत तर याहून भारी. ती शिकारीसाठी जन्मलेली गोळीच नाही. ती ऑस्ट्रियाच्या फौजेची ८ बाय ५० मानलिखर, १८९० च्या आसपासची. फौज परकी, म्हणून काडतूस चालतं. ३०३ चं कवच ५६ मिमी लांब, हिचं ५० मिमी, तरी ली-एनफिल्डची यंत्रणा थोड्या बदलाने चालून जाते. स्वातंत्र्यानंतर इशापूरने तीच नागरिकांना विकली आणि तुमच्या आजोबांनी घेतली. १९५९ च्या कायद्यातून गोऱ्यांची सूट गेली, पण काडतुसाचं तत्त्व राहिलं. फौज ३०३ वरून ७.६२ वर गेली, नंतर आपल्या पाषाणच्या एआरडीईने (संरक्षण खात्याच्या शस्त्रसंशोधन संस्थेने) बेतलेल्या ५.५६ च्या इन्सास रायफलीवर आली. तरी ३०३ यादीत आहेच. जुनाट वाटेल, पण पोलिसांकडे ती पुढे अनेक दशकं होती आणि तिची काडतुसंही. मला स्वतःला हे तत्त्व पुरतं मूर्खपणाचं वाटत नाही. गहाळ झालेल्या सरकारी काडतुसाला बाजारात गिऱ्हाईक नसावं, इतपत ते शहाणं आहे. फक्त ‘३०३ जास्त घातक म्हणून बंदी’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

यावरून एक सावधगिरी. तुमची रायफल ३१५ च आहे हे नळीवरच्या ठशावरून खात्री करून घ्या, परवान्यावर लिहिलंय म्हणून धरून चालू नका. नळी किंवा चेंबर कधी बदललेलं असेल आणि त्यात ३०३ बसत असेल, तर मामला ७ ते १४ वर्षांच्या शिक्षेच्या कलमात जातो. तपासायला मात्र स्वतः काडतूस घालून बघू नका. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाला मापाने दोन मिनिटांत सांगतो.

बालेवाडीसाठी ही रायफल ठेवायची असेल, तर स्पष्ट सांगतो: तिथे तिचा काही उपयोग नाही. छत्रपती क्रीडानगरीत १०, २५ आणि ५० मीटरच्या रेंज आहेत. १० मीटरला ४.५ मिमीची एअर रायफल लागते, ५० मीटरला २२ बोरची रिमफायर (काडतुसाच्या पेंद्याच्या कडेवर ठोका बसणारी). स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं ते ५० मीटर तीन पोझिशनमध्ये, म्हणजे २२ वर. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली तीही ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून. मोठ्या बोरची ३०० मीटरची स्पर्धा असते, पण तशी रेंज शहरात नसते आणि तिच्या रायफलीही वेगळ्या असतात. शिकायचं असेल तर एअर रायफलपासून सुरुवात करा. १० मीटरच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ३१५ चा धक्का खांद्यावर झेलत ते कसब येत नाही, उलट चाप ओढताना डोळे मिटायची सवय लागते. ४.५ मिमीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवानाही लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल जेमतेम साडेसात ज्यूलची असते.

मग ३१५ कशासाठी ठेवायची? शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संपली. कोकणात माकडं आणि रानडुकरांसाठी शेती संरक्षणाचे परवाने असतात, पण ते बहुधा ठासणीच्या बंदुकीचे, आणि तिथेही डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते. उरतं स्वसंरक्षण, आणि फ्लॅटमध्ये स्वसंरक्षणाला ३१५ ही सर्वांत चुकीची निवड आहे. ती गोळी चोराला पार करून शेजाऱ्याच्या भिंतीत शिरेल. आठवण म्हणून ठेवायची असेल तर ते कारण मला मान्य आहे. मग त्याची किंमतही मान्य करा: कुलूपबंद लोखंडी कपाट, काडतुसं वेगळी, पाच वर्षांनी नूतनीकरण, निवडणुकीत जमा करायचा आदेश आला तर पोलीस ठाण्याच्या फेऱ्या, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुलथ्रू, म्हणजे दोरीने चिंधी ओढून नळीची सफाई.

तरी अर्ज करायचाच असेल, तर पुणे शहरात पोलीस आयुक्तांकडे, पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत राहत असाल तर तिथल्या आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. शस्त्र कुठे आहे यापेक्षा अर्जदार कुठे राहतो ते बघितलं जातं. पुनर्विकासामुळे तुम्ही सध्या भाड्याच्या घरात असणार, तेव्हा पत्त्याचे पुरावे आधी एकसारखे करा. यात अर्ज सर्वांत जास्त अडकतो. वय २१ पूर्ण हवं. बाकीच्या वारसांचं ना-हरकत, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि सुरक्षित साठवणुकीची हमी लागते. आत्यांची सही राहिली तर फाइल तिथेच थांबते. नाकारलं तर कारण लेखी मागा, कलम १८ खाली अपील आहे. एका माणसाला २०१९ पासून दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन होत्या, आणि वारशाच्या बंदुका त्यातच धरल्या जातात. पण वारस दोघं असतील तर रायफल एकाच्या आणि दुनळी दुसऱ्याच्या परवान्यावर जाऊ शकते.

हक्काचं बोलायचं तर आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही, कायद्याने दिलेली मुभा आहे. गांधीजींचं शस्त्रबंदीला काळाकुट्ट म्हणणारं वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरतं, ते १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकातलं आहे. इंग्रजांच्या फौजेत जा, म्हणजे शस्त्र चालवायला शिकाल, असा त्याचा रोख होता. घराघरात पिस्तूल असा नव्हे. पण काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात १८७८ च्या शस्त्र कायद्याविरुद्ध ठराव केला होता, हेही खरं. वंशभेदाची चीड रास्तच होती. १८६० साली इकडे हत्यारं काढून घेणारा कायदा झाला, आणि त्याच वर्षी विम्बल्डनला खुद्द राणी व्हिक्टोरियाने नागरिकांच्या नेमबाजी स्पर्धेचा पहिला बार काढला.

अमेरिकेत ‘कोणीही’ ठेवतो हेही अर्धसत्य आहे. १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती मिलिशियाचं, म्हणजे नागरिकांच्या सैन्यदलाचं, नाव घेते. ती घरात बंदूक ठेवण्याचा व्यक्तिगत हक्क देते, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं ते थेट २००८ मध्ये. दुकानातून घेताना पार्श्वभूमी तपासली जाते, खासगी विक्रीत ते राज्याराज्यावर आहे. तिकडचा वाद आज रंगतो तो एआर-१५ रायफलीवरून, आणि तो समजायला एक भेद पक्का हवा. बोल्ट रायफलीत प्रत्येक गोळीनंतर हात हलवावा लागतो. अर्धस्वयंचलित रायफल पुढची गोळी स्वतः भरते, पण चाप दरवेळी ओढावा लागतो. पूर्ण स्वयंचलित म्हणजे चाप दाबून धरला की चालूच. एआर-१५ मधली आहे, आणि नावातलं एआर हे आर्मालाइट कंपनीचं. ऑस्ट्रेलियात १९९६ ला पोर्ट आर्थरमध्ये गोळीबारात ३५ माणसं मेली, तेव्हा सरकारने बोल्ट रायफली सोडून अर्धस्वयंचलित परत विकत घेतल्या. न्यूझीलंडने २०१९ च्या क्राइस्टचर्चमधल्या गोळीबारानंतर तोच मार्ग धरला. मला हा भेद आपल्या बोरच्या यादीपेक्षा जास्त अर्थाचा वाटतो, कारण गर्दीत किती माणसं मरतात हे बोरच्या आकड्यापेक्षा एका मिनिटात किती गोळ्या सुटतात यावर ठरतं. आपल्याकडे अर्धस्वयंचलित रायफल तशीही प्रतिबंधितच आहे. स्वित्झर्लंडचं उदाहरण देणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: शिपाई फौजेची रायफल घरी नेतो, पण फौजेने घरी ठेवायला दिलेली काडतुसं २००७ पासून परत घेतली, हे माहीत आहे का?

राहिली भिंतीवरची ठासणी. ती शोभेची म्हणून कायद्याबाहेर आहे असं धरू नका. कलम ४५ ची सूट जुनाट, पुराणवस्तू किंवा नादुरुस्त शस्त्राला आहे, पण ते दुरुस्त करूनही झाडता येऊ नये, ही अट आहे. नळी शाबूत आणि घोडा पडत असेल तर ती बंदूकच, आणि दोनच्या हिशेबात तिसरी. पोलिसांना दिलेल्या अर्जात तिचाही उल्लेख करा, आणि नळी कायमची निकामी करून घ्यायची तर रीतसर परवानगीने, परवानाधारकाकडूनच. त्याआधी ती भरलेली नाही ना ते बघा, कारण ठासून ठेवलेली काळी दारू कोरडी राहिली तर दशकानुदशकं जिवंत राहते. तोंड माणसांपासून दूर ठेवा, टोपी असेल तर काढा, लाकडी काठी नळीत हळूच तळापर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा आणि तीच काठी बाहेरून नळीला लावा. खूण तोंडाशी धरल्यावर काठीचं टोक कानाच्या, म्हणजे बत्तीच्या भोकाच्या, तीन-चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. मग हात लावू नका आणि पोलिसांना तसं आधीच सांगा.

डब्यातली काडतुसं कचऱ्यात, नदीत किंवा चुलीत टाकू नका, भिजवून निकामी करण्याच्या भानगडीतही पडू नका. पितळावर हिरवा कळंक आलेली वेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, पेंद्यावरचे ठसे वाचून बोरनिहाय नग मोजा, आणि तो आकडा त्याच अर्जात बंदुकांच्या खाली लिहा.